सहाशे डॉलरचा सिल्व्हरटोन आणि चारशे डॉलरचा खिसा

प्रिय मावशी,

मी मूळचा नाशिकचा, दीड वर्षापासून मिशिगनमध्ये एमएस करतोय. इथल्या तिघांबरोबर बँड जमलाय. दर शनिवारी घरमालकाच्या गॅरेजमध्ये वाजवतो, म्हणजे गॅरेज रॉक (हौशी पोरांचं खरखरीत रॉक संगीत) अगदी शब्दशः! गिटार बरी आहे, पण तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प म्हणजे दहा वॉटचा प्रॅक्टिसचा डबा. ड्रम सुरू झाले की मी वाजवतोय की नुसता उभा आहे, कुणालाच कळत नाही. मला तो साठच्या दशकातला फाटका, घोगरा आवाज हवाय. फेंडर कंपनीच्या जुन्या अ‍ॅम्पच्या किमती बघून डोळे पांढरे झाले. माझं बजेट चारशे डॉलर. सिल्व्हरटोन १४८४ नावाचा एक जुना अ‍ॅम्प सहाशेला निघालाय; विकणारा म्हणतो, ‘चालतो की नाही तपासलेलं नाही.’ मित्राकडून दोनशे उसने घेऊन उचलू का? आणि शिक्षण संपल्यावर अ‍ॅम्प नाशिकला नेता येईल का?

— गॅरेजवाला, मिशिगन

गॅरेजवाल्या,

उसने घेऊ नकोस. आधी ‘तपासलेलं नाही’ या वाक्याचं मराठी भाषांतर करून देते. मी तेहेतीस वर्षं या देशात आहे आणि भिंतीत प्लग नसलेलं घर मला अजून दिसलेलं नाही. प्लग लावायला एक मिनिट पुरतं. त्यामुळे याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की लावून बघितला, भुंकला किंवा धुरला, आणि मग काढून ठेवला. विकणारा लबाडच असेल असं नाही. वडिलांच्या तळघरातून निघालेल्या वस्तूला हात लावायला खरंच घाबरणारेही असतात. पण तू पैसे मोजताना तो बंद आहे असं धरूनच मोज. सहाशेचा बंद सिल्व्हरटोन दुरुस्त होऊन वाजेपर्यंत नऊशेच्या घरात जाईल.

माझी ओळख थोडक्यात सांगते, म्हणजे ही बाई कुठल्या अधिकाराने बोलते ते कळेल. माझ्या वडिलांचं सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. समोर ठाण्याला बनलेल्या मर्फींची रांग, आणि मागच्या खोलीत मंडपवाल्यांचे आहुजा कंपनीचे व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर. गणपतीच्या आधी महिनाभर घरात सोल्डरचाच वास असायचा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, इकडे आले, नोकरी केली, आणि आता न्यू जर्सीतल्या माझ्या तळघरात गिटारचे अ‍ॅम्प नीट करते. गिटार मला स्वतःला तीन कॉर्डच्या पुढे येत नाही.

आता तुझ्या सिल्व्हरटोनबद्दल. हा सिअर्स या मोठ्या अमेरिकन दुकान-कंपनीच्या कॅटलॉगमधला माल. बनवायची डॅनइलेक्ट्रो नावाची कंपनी, तिचा कारखाना नेपच्यून गावात, माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर. घरोघरी टपालाने जाणारा कॅटलॉग, त्यात वॉशिंग मशीन, पडदे, बूट आणि गिटार. १९६२ साली त्यांनी १४४८ नंबरची गिटार काढली, तिच्या पेटीतच अ‍ॅम्प आणि स्पीकर बसवलेला, किंमत ६७ डॉलर ९५ सेंट. पोरांसाठीची वस्तू. १४८४ हा त्याच घरातला थोरला: दोन बारा इंची जेन्सन स्पीकर, ६एल६ व्हॉल्व्हची जोडी, ट्रेमोलो (आवाज थरथरवायला), आणि नावापुरता रिव्हर्ब (आवाज घुमवायला). वरचा भाग काढून स्पीकरच्या पेटीत सरकवून ठेवता येतो, ही कल्पना मला अजून आवडते. पण पेटी भुशाच्या दाबलेल्या फळीची. तळघरात ओल लागली की ती फळी बिस्किटासारखी सुटते.

हे अ‍ॅम्प एके काळी कुणी फुकट नेत नव्हतं. मग तुझ्या डेट्रॉइटच्या जॅक व्हाइटने व्हाइट स्ट्राइप्स या बँडमध्ये याचाच मोठा भाऊ, सहा दहा-इंची स्पीकरवाला १४८५, जगासमोर वाजवला आणि सिल्व्हरटोन या नावालाच भाव आला. आवाज तोच राहिला, पाटीची किंमत वाढली. तू सहाशेतले निम्मे त्या पाटीला देणार आहेस.

आणि गंमत बघ, ज्या आवाजाच्या मागे तू आहेस तो पाट्यांनी काढलेलाच नाही. लिंक रे या गिटारवाल्याने १९५८ मध्ये अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने एल्पिको नावाच्या एका हिरवट, क्षुल्लक अ‍ॅम्पचा कागदी कोन दाढीच्या ब्लेडने कापला आणि तो अ‍ॅम्प दुसऱ्या मोठ्या अ‍ॅम्पला जोडला. तुझ्याच मिशिगनच्या सॅगिनॉ-बे सिटी भागातली, शेतमजुरीसाठी आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली पोरं ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’ या नावाने १९६६ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरला पोचली. यांतल्या कुणीही ‘व्हिंटेज’ शोधत नव्हतं. हाताला लागलं, परवडलं, त्यातून आवाज काढला. म्हणून तूही आज ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, तिकडे बघ.

तिकडे म्हणजे कुठे? नावात गिटार नसलेल्या वस्तूंकडे. ‘बेस’, ‘पीए’ (सभेच्या लाउडस्पीकरचा), ‘अ‍ॅकॉर्डियन’, ‘ऑर्गन’ असं काही लिहिलं असलं की गिटारवाले पुढे जातात. फेंडरचा सत्तरच्या दशकातला म्युझिकमास्टर बेस अ‍ॅम्प घे: बारा वॉट, एक बारा इंची स्पीकर. बेससाठी तो कधीच धड नव्हता, आणि गिटारला झकास फाटतो. पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक अ‍ॅम्पच्या एका सॉकेटवर चक्क अ‍ॅकॉर्डियन लिहिलेलं असतं. तेव्हा घरोघरच्या मुली अ‍ॅकॉर्डियन शिकत होत्या. शाळा-चर्चमधून निघालेले बोगनचे पीए अ‍ॅम्प मला फार जवळचे, कारण पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, अरे, हा तर अमेरिकेतला आहुजा! त्यातला माइकचा सॉकेट बदलून गिटारचा जॅक बसवला की अर्धं काम झालं. बेल अँड हॉवेलचे सोळा मिलिमीटरचे शाळेतले प्रोजेक्टर, त्यांच्या पोटातला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्पही लोक काढून गिटारला लावतात. पण तो उद्योग दुरुस्तीवाला ओळखीचा असेल तरच.

तुला मिशिगनचा एक फायदा आहे, तो न्यू जर्सीत मला नाही. ट्रेनॉर हे नाव लिहून ठेव. कॅनडातल्या टोरंटोच्या यॉर्कव्हिल साउंडने साठच्या दशकापासून बनवलेले अ‍ॅम्प, आणि टोरंटो तुझ्यापासून काही तासांवर. त्यांचा वायबीए-१ हाही कागदोपत्री बेसचा अ‍ॅम्प, पण सर्किट फेंडरच्या बेसमन या अ‍ॅम्पच्या गोत्रातलं, आणि मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पचा उगमही तिथूनच. बांधणी अशी की खाली पडला तर जमिनीची चौकशी करावी. नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला जाऊन आणू का, असा विचार करू नकोस. तू स्टुडंट व्हिसावर आहेस, अ‍ॅम्पपायी सीमेवर अडकशील. अलीकडे येतातच ते, डेट्रॉइटच्या आसपासच्या जाहिरातींत बघत राहा.

व्हॉल्व्हचाच हवा असा हट्ट नसेल तर चारशेत तू राजा आहेस. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचे पीव्ही कंपनीचे अ‍ॅम्प, ऐंशीच्या दशकातले ट्रान्झिस्टरवाले, दिसायला सरकारी कचेरीतल्या कपाटासारखे, पण मरत नाहीत. कॅन्ससमधल्या चनूट गावचे ‘कस्टम’ नावाचे अ‍ॅम्प तर दिसायला रेक्झिनचा चमकणारा सोफा. पुढे एक फझ पेडल (आवाज फाडणारं) लाव आणि कुणाला डोळे मिटून ओळखायला सांग. माझ्या एका मित्राला हे वाक्य पाखंड वाटतं. वाटू दे.

आता मुख्य गोष्ट: पैसे. चारशेचे दोन भाग कर. दोनशे-सव्वादोनशे वस्तूला, बाकीचे दुरुस्तीला. हे मी कुणालाही सांगितलं की तोंड कडू होतं, कारण चारशेची वस्तू आणि शून्याची दुरुस्ती असा हिशेब सगळे मनात घेऊन येतात. पन्नास-साठ वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये मोठे कंडेन्सर वाळलेले असणारच. ते वाळले की स्पीकरमधून गुंSS असा भुंगा येतो आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण पडतो. ते बदलायचे, वायर थ्री-पिन करायची, एखादा व्हॉल्व्ह बदलायचा, पॉट (फिरवायच्या बटणांमागचे भाग) साफ करायचे. एवढ्याला मी साधारण दीडशे ते अडीचशे धरते. व्हॉल्व्ह आता स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्येच बनतात म्हणायला हरकत नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा माल अडला तेव्हा भाव चढले, तेव्हा ‘सगळे व्हॉल्व्ह नवे घालू’ म्हणणाऱ्याला विचार, का? जुना आरसीए कंपनीचा व्हॉल्व्ह चालत असेल तर चालू दे.

शोधायचं कुठे, तर जिथे घर आवरलं जातंय तिथे. याला कारण आहे. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रविवारी टीव्हीवर बीटल्स आले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत या देशात प्रत्येक गल्लीत एक बँड निघाला. पोरांनी सिअर्स आणि माँटगोमरी वॉर्डच्या कॅटलॉगमधून अ‍ॅम्प मागवले. मग कुणी कॉलेजला गेलं, कुणी व्हिएतनामला, कुणाचं लग्न झालं, आणि अ‍ॅम्प तळघरात उतरला. ती पोरं आता पंचाहत्तरीत आहेत. त्यांची घरं विकली जाताहेत आणि ‘इस्टेट सेल’च्या, म्हणजे घरातलं सगळं सामान विकण्याच्या, पाट्या लागताहेत. शनिवारी तू वाजवतोस, तर शुक्रवारी सकाळी जा, किंवा रविवारी दुपारी. शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी भाव निम्म्यावर येतो. दिवाणखान्यात वेळ घालवू नकोस. सरळ तळघरात, वॉशिंग मशीनच्या मागे. घरात मोठा ऑर्गन दिसला तर त्याचं वेगळं स्पीकर-कपाट आहे का विचार. हौशी रेडिओवाल्यांचे मेळेही बघ, ‘हॅमफेस्ट’ म्हणतात. ओहायोत झीनियाला मे महिन्यात भरतो तो सगळ्यात मोठ्यांपैकी. तिथे व्हॉल्व्ह खोक्याने मिळतात, आणि त्याहून मोलाचे म्हणजे ते दुरुस्त करू शकणारे आजोबा मिळतात. आपल्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात जसं वस्तूपेक्षा माणूस ओळखावा लागतो, तसंच.

अ‍ॅम्प समोर आला की पुढून बघू नकोस. जाळी, अक्षरं, बटणं यांना भुलून मीच एकदा फसले आहे. अशाच एका घरात निळसर कापडाचा देखणा अ‍ॅम्प मिळाला. घरी आणला आणि, मला कळत असूनही, उत्साहाच्या भरात सरळ प्लगला लावला. दोन मिनिटं छान. मग जळक्या वार्निशचा वास, आणि ट्रान्सफॉर्मर गेला. नंतर कळलं, मध्येच स्पीकरची एक तार तुटली होती. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, हे माझ्या वडिलांनी मला दहाव्या वर्षी सांगितलं होतं.

तर मागे जा, टॉर्च लाव. आधी वास घे. धूळ आणि जुनं लाकूड, ठीक. जळका, गोडसर वास आला तर किंमत अर्धी कर किंवा सोड. मग स्पीकरच्या कडेवरचे आकडे वाच. २२०६३४ असं दिसलं तर २२० म्हणजे जेन्सन, ६ म्हणजे साल छप्पन किंवा सहासष्ट, ३४ म्हणजे त्या वर्षाचा चौतिसावा आठवडा. १३७ सीटीएसचा, ४६५ ऑक्सफर्डचा, ३२८ युटाचा. म्हणजे विकणारा ‘पन्नाशीतला’ म्हणाला आणि बाकी सगळं साठीतलं दिसलं, तर तू गप्प राहून हसू शकतोस. खिशात एक पेन्सिल सेल ठेव. स्पीकरची तार सोडवून सेलची दोन टोकं क्षणभर टेकव. कोन हलून ‘टक’ आवाज आला की स्पीकर जिवंत.

त्यानंतर व्हॉल्व्हवरची अक्षरं, आणि इथे नीट लक्ष दे. ६व्ही६, ६एल६, १२एएक्स७ असे आकडे असतील तर बरं. छोट्या, हलक्या अ‍ॅम्पमध्ये ३५डब्ल्यू४, ५०सी५ असे मोठे आकडे दिसले तर खाली ठेव. पहिला आकडा फिलामेंटचा व्होल्टेज असतो. पस्तीस, पन्नास, बारा असे एका माळेत जोडून लाइनचा व्होल्टेज भागवलेला असतो, म्हणजे मुख्य ट्रान्सफॉर्मरच नाही आणि चेसी (आतला धातूचा सांगाडा) थेट भिंतीतल्या विजेला जोडलेली. इथले दुरुस्तीवाले त्यांना ‘विडोमेकर’ म्हणतात, म्हणजे घरच्या बाईला विधवा करणारे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून ते सुरक्षित होतात, पण तुझा पहिला अ‍ॅम्प तो नको.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पमध्येही जुनी टू-पिन वायर असेल तर तिच्याजवळ लाइन आणि चेसीमध्ये जोडलेला एक छोटा कंडेन्सर असतो. तो शॉर्ट झाला की चेसीत, आणि चेसीतून तुझ्या गिटारच्या तारांत लाइन येते. तू तारेवर हात ठेवून माइकला ओठ लावलेस की सर्किट पुरं. तो कंडेन्सर कापून थ्री-पिन वायर आणि अर्थिंग करून घेतल्याशिवाय एकही गाणं वाजवायचं नाही. मित्र म्हणेल ओरिजिनॅलिटी जाते. जाऊ दे.

पहिल्यांदा वीज देताना दुरुस्तीवाला व्हेरिअ‍ॅकवर हळूहळू व्होल्टेज चढवेल; तुझ्या नाशिकच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्याला डिमरस्टॅट म्हणत असतील. आमच्या दुकानात मालिकेत शंभरचा बल्ब लावलेला सिरीज बोर्ड होता. बल्ब पेटून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट. चेसी तू स्वतः उघडू नकोस. बंद करून, प्लग काढून ठेवलेल्या अ‍ॅम्पच्या कंडेन्सरमध्येही चारशे व्होल्ट बसून राहू शकतात. स्पीकर बदलायचा असेल तर खुशाल बदल.

वॉटांचा मोह सोड. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात, त्यामुळे पन्नास आणि पंचवीसमध्ये फरक एवढासा. ड्रमबरोबर व्हॉल्व्हचे पंधरा-वीस वॉट आणि एक चांगला बारा इंची स्पीकर तुला गॅरेजमध्ये पुरेल. शिवाय लहान अ‍ॅम्प लवकर फाटतो, आणि तुला फाटलेलाच हवाय. पाच वॉटचा फेंडर चॅम्प मात्र ड्रमसमोर पुन्हा डबाच ठरेल.

नाशिकला न्यायचं म्हणशील तर मन घट्ट कर. विमानाची बॅग तेवीस किलोची, आणि हे धूड त्यात मावणार नाही. इथला अ‍ॅम्प ११७-१२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही दणकट. शिवाय इथे साठ हर्ट्झ, तिकडे पन्नास, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. जाताना इथेच वीक. नीट दुरुस्त केलेल्या, थ्री-पिन अ‍ॅम्पला घेतलेली किंमत सहज परत येते. आणि नाशिकला पोचल्यावर एखाद्या जुन्या मंडपवाल्याच्या गोदामात डोकव. व्हॉल्व्हचा आहुजा अजून कुठे कुठे धूळ खात पडलेला असतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह त्यात निघाले तर मला आधी कळव, मी विमानाचं तिकीट काढते.

त्या सिल्व्हरटोनवाल्याला अडीचशे सांगून बघ. तो चिडला तर चिडू दे, महिन्याभराने पुन्हा सांग. आणि पुढच्या वेळी अ‍ॅम्प सापडला की पैसे देण्याआधी मला फोटो पाठव. समोरचा नको. मागची फळी काढून, टॉर्च लावून, वायर जिथून आत शिरते तिथला.

— मावशी